धर्मश्रद्धा आणि नीतिमत्ता : कर्जत-खालापूर परिसराच्या इतिहासातील काही पुरावे

धर्माने मनुष्य अधिक नीतिमान होतो काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या प्रांतातला मानून इतिहासाने तो सामान्यतः बाजूस ठेवला आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाची चर्चा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या हिरिरीने झाली. ईश्वरनिष्ठेवाचून सदाचाराला आधार उरत नाही, ही न्यायमूर्ती रानडे यांची आणि प्रार्थना समाजातील त्यांच्या सहकाऱ्यांची दृढ धारणा होती. उलट आगरकरांनी १८८८ पासून 'सुधारका'च्या स्तंभांतून सदाचाराचा पाया मनुष्याच्या विवेकात आणि समाजाच्या हितात शोधला व स्वतःच्या आयुष्याने त्याची साक्ष दिली. जोतीराव फुल्यांनी आणखी निराळी वाट काढली. त्यांनी निर्मिकाला ठेवले, पुरोहिताला मात्र नाकारले, आणि १८९१ साली त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सार्वजनिक सत्य धर्माची मांडणी जवळजवळ संपूर्णतः आचारनियमांच्या रूपाने केली. या वादात सर्व पक्षांनी तर्क भरपूर दिला. पण एखाद्या विशिष्ट भूप्रदेशात, दीर्घ काळात, धर्माने माणसांच्या परस्परांशी वागण्यात प्रत्यक्ष काय घडविले, याची छाननी फारशी झाली नाही.

अशा छाननीला प्रारंभीच एक मर्यादा पडते. माणसाच्या अंतःकरणाची शुद्धि कागदपत्रांत सापडत नाही. सापडते ते दान, सापडतो तो नियम, आणि सापडते ते देणे-घेणे. या तिन्हींच्या आधारे जेवढे बोलता येईल तेवढेच इतिहासाने बोलावे.

कर्जत आणि खालापूर हे आजच्या रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाचे दोन तालुके. १८९१ पर्यंत कर्जत ठाणे जिल्ह्यात होते व खालापूर ही त्याच्याच पोटातली पेठा. त्या वर्षी हा भाग कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला, आणि कुलाब्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. उत्तरेकडे उल्हास, दक्षिणेकडे पाताळगंगा आणि पूर्वेस सह्याद्रीची भिंत, अशी याची रचना आहे. बंदरांवरून देशावर जाणारी वाट बोरघाटाने चढते ती येथूनच. त्यामुळे दोन हजार वर्षांत भिक्षू, व्यापारी, फौजा, यात्रेकरू, रेल्वेचे मजूर आणि मोटारींतून येणारे भाविक हे सारे या पायथ्याशी थांबले, पाणी प्याले आणि पुढे गेले. ज्या मुलखात कायमच्या वस्तीपेक्षा वाटसरू अधिक, तेथे परक्याशी कसे वागावे हा नीतीचा पहिला प्रश्न होऊन बसतो. प्रस्तुत विवेचनास हा परिसर निवडण्याचे कारण तेच.

राजमाचीच्या पायथ्याशी, कोंदिवडे गावाजवळ, कोंढाणे येथील बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराची ही लेणी घाटमाथ्यावरील कार्ले-भाजे यांच्याच परंपरेतील होत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागी एका भव्य मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीतील एक अगदी छोटा लेख आहे. कण्ह म्हणजे कृष्ण याचा अंतेवासी बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. पुण्याची मोजदाद त्यात नाही, राजाचे नावही नाही. शिष्याने गुरूचे नाव आधी घातले आणि आपले नंतर. माथ्यावरच्या कार्ल्यात धेनुकाकटाच्या यवनांपासून निरनिराळ्या व्यावसायिकांपर्यंत अनेकांची दाननामे कोरलेली आहेत. जन्माने, भाषेने आणि देशाने भिन्न असलेली माणसे एका संघासाठी द्रव्य वेचीत होती, आणि त्या द्रव्यातून पावसाळ्यात घाटाखाली व घाटावर निवारा उभा राहिला होता. धर्माने दानाचे वर्तुळ जातिगोत्राच्या बाहेर नेले, याचा इतका जुना आणि इतका निःसंदिग्ध पुरावा या भागात दुसरा नाही. मात्र दान देणारा व्यापारी दुकानात माप कसे घालीत होता, हे लेणी सांगत नाहीत. दान हे नीतीचे एक अंग होय. ते सर्वांग नव्हे.

याच दृष्टीने खोपोलीचे तळे आणि तेथील महादेवाचे मंदिर पाहण्यासारखे आहे. दोन्ही नाना फडणिसांनी बांधविली. घाट चढण्यापूर्वी वाटसरूला, बैलाला आणि घोड्याला पाणी मिळावे, अशा ठिकाणी ते तळे आहे. स्मृतिग्रंथांनी विहिरी, तळी, देवालये आणि अन्नदान यांना पूर्तधर्म म्हटले आहे. नानांचे हे काम त्या कल्पनेचे शुद्ध उदाहरण ठरेल. भीमाशंकराच्या शिखराचे बांधकाम, पुण्याचे बेलबाग, वाईजवळील मेणवलीचा घाट ही त्याच वृत्तीची इतर फळे. कर्जतकडील यात्रेकरू खांडसहून गणेश घाटाने किंवा शिडी घाटाने भीमाशंकरास चढतात, तेव्हा वाटेच्या शेवटी त्यांना नानांचेच काम दिसते.

पण नानांच्या बाबतीत इतिहासाला एक दुर्मिळ लाभ झाला आहे. त्यांनी आपल्या पूर्वायुष्याचे एक त्रोटक आत्मचरित्र लिहून ठेविले. १७४२ साली जन्मलेल्या या माणसाने त्यात बालपणीची देवपूजेची आवड सांगितली, यौवनातील विषयवासनेची कबुली दिली, तीबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला आणि एकोणिसाव्या वर्षी पानिपतावरून जीव वाचवून परतताना आईचा झालेला वियोग वर्णिला. अठराव्या शतकातील एका मराठी मुत्सद्द्याने स्वतःच्या मनाची अशी झडती घ्यावी, ही गोष्ट लहान नव्हे. धर्माने आत्मपरीक्षणाची भाषा दिली, आणि ती भाषा या एका माणसाने तरी प्रामाणिकपणे वापरली, असे निश्चित म्हणता येते.

आता हीच व्यक्ति सत्तेच्या आसनावर पाहावी. व्यभिचाराचा दोष ठेवलेल्या स्त्रियांना सरकारी बटीक करून कोठीत वा किल्ल्यावर राबविण्याची शिक्षा पेशवाईत रूढ होती, आणि कुणबिणींची खरेदी-विक्री सरकारला महसूल देत होती. नानांच्या हाती राज्याचा कारभार असतानाही ही व्यवस्था चालू राहिली. ज्या विकाराबद्दल कारभाऱ्याने स्वतः ईश्वरापुढे पश्चात्ताप केला, त्याच विकाराच्या आरोपावरून एखाद्या गरीब बाईचे स्वातंत्र्य कायमचे जात होते, आणि या दोन गोष्टींतील विसंगति कोणाला खुपल्याचे दिसत नाही. १७९१ च्या ऑगस्टमध्ये पुण्यास कोंडलेले तेलंग ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा जमावाच्या मागणीपुढे नानांनी आपलाच कोतवाल घाशीराम त्यांच्या हवाली केला व तो दगडांनी ठेचला गेला. मेलेल्यांच्या जागी ब्राह्मण नसते तर एवढा क्षोभ उसळला असता काय? त्या राज्याची रचना ज्याला माहीत आहे, त्याला याचे उत्तर देण्यास वेळ लागू नये.

नाना दांभिक होते, असा निष्कर्ष यातून काढणे सोपे आहे, आणि चूकही. त्यांची श्रद्धा खरी होती. खरी श्रद्धा असूनही तिचा प्रकाश ठराविक अंतरापर्यंतच पडत होता, ही खरी अडचण आहे. ज्याच्याविषयी धर्माने काही कर्तव्य नेमून दिले होते, उदाहरणार्थ यात्रेकरू, ब्राह्मण, देव, गाय, आईबाप, त्याच्याशी त्यांचे वर्तन उदार होते. ज्याच्याविषयी धर्म मूक होता किंवा प्रतिकूल होता, तेथे कारभारी केवळ कारभारी उरला.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नव्हे, अगदी अलीकडच्या एका प्रयोगाचा येथे उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. १९७३ साली अमेरिकेतील डार्ली व बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन येथील धर्मशास्त्राच्या चाळीस विद्यार्थ्यांवर केलेले निरीक्षण प्रसिद्ध केले. वाटेत एक माणूस विव्हळत पडला आहे, अशी योजना होती. ज्यांना घाई नव्हती त्यांपैकी सुमारे ६३ टक्के थांबले. ज्यांना फार घाई होती त्यांपैकी अवघे १० टक्के. त्यांतील काही जण वाटेवरच्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकाऱ्याच्या बायबलमधील कथेवरच व्याख्यान द्यावयास निघाले होते. त्याने विशेष फरक पडला नाही, आणि त्यांच्या धार्मिकतेच्या स्वरूपावरून कोण थांबेल हेही सांगता आले नाही. चाळीस माणसांच्या प्रयोगावर मोठी इमारत उभारू नये, हे खरे. परंतु घाटाच्या पायथ्याशी तळे बांधणाऱ्याने वाटसरूचा थांबण्याचा खर्चच कमी केला, ही गोष्ट या प्रयोगामुळे अधिक स्पष्ट होते. वाटसरूचे मन न पालटताही त्याला पाणी मिळाले.

त्याच घाटात १८५६ ते १८६३ या काळात लोहमार्ग बांधला गेला. सर्वांत गर्दीच्या दिवसांत चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते आणि पटकीने त्यांतील हजारो दगावले. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून कंत्राटदार फॅव्हिएल याच्या कामावर मोठा दंगा झाला. मजुरी बुडविणारे मुकादम व पोटकंत्राटदार आणि बुडालेले मजूर यांच्यात देवाला मानणारे दोन्हीकडे होते. पुढच्याच वर्षी मालक व कामगार यांच्या मजुरीविषयक तंट्यांचा कायदा झाला. तो कितपत पाळला गेला हा निराळा विषय होय. मात्र या प्रसंगी उपदेशाने जे साधले नव्हते ते दंग्याने कायद्याच्या दारापर्यंत आणले.

खालापूर तालुक्यातील महड हे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे स्थान. १६९० साली तळ्यात मूर्ति सापडली व १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकर यांनी मंदिर बांधले, असे परंपरा सांगते; १८९२ पासून तेथे नंदादीप तेवत असल्याचीही ख्याति आहे. या नावाशी पुष्कळदा घोटाळला जाणारा महाड हा त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडील गाव, आणि तेथेही एक तळे आहे. १९२३ साली रावबहादुर बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले तेव्हा परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या. त्यानंतर गावातील सनातन्यांनी एकशेआठ घागरी पाणी काढून आणि त्यात पंचगव्य सोडून तळे शुद्ध करून घेतले. या कृत्यात सामील झालेले लोक चोर वा लबाड होते, असे कोणी म्हणणार नाही. त्यांतील कित्येक आपापल्या घरी सत्यवचनी, पापभीरू आणि दानशूर असतील. किंबहुना त्यांच्या पापभीरुतेनेच त्यांच्या हातून हे घडविले. धर्माने येथे मनुष्याला नीतीत कमी पाडले नाही. त्याने अनीतीलाच कर्तव्याचे रूप दिले. या प्रश्नातील सर्वांत कठीण भाग हाच होय, आणि धर्माच्या कैवाऱ्यांनी तो टाळून चालणार नाही.

विरोधकांनीही दुसरी बाजू टाळू नये. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषणास बसलेले साने गुरुजी तर नखशिखांत भक्तिमार्गी होते. एकाच परंपरेतून घागरी घेऊन येणारा निघतो आणि प्राण पणाला लावणारा निघतो, तेव्हा फरक परंपरेने केला असे म्हणणे कठीण पडते. तळ्याचा निकाल अखेरीस १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात लागला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढि अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने ठरविले. धर्म म्हणून जिचा आग्रह धरला गेला, ती चाल पुराव्याच्या कसोटीवर पुरेशी जुनीदेखील ठरली नाही.

दानाहून आणि नियमाहून देणे-घेणे ही अधिक कडक परीक्षा आहे, कारण ती रोजची असते. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्टीत ठाकूर आणि कातकरी या दोन आदिवासी जमाती प्रमुख आहेत. कातकरी म्हणजे खैरापासून कात काढणारे. रामाच्या वानरसेनेपासून आपली उत्पत्ति झाल्याचे ते सांगत. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगले वाढली, काताचा धंदा बसला, आणि ही जमात कोळशाच्या भट्ट्यांवर, लाकूडतोडीवर व शेतमजुरीवर आली. पावसाळ्यात घरात दाणा नसे. तेव्हा सावकाराकडून सवाई-दिढीने भात उचलायचे, म्हणजे सुगीला मणास सव्वा मण किंवा दीड मण फेडायचे, आणि फिटले नाही तर अंगमेहनत लिहून द्यायची, असा क्रम होता. सावकार मारवाडी, गुजराती, ब्राह्मण असे निरनिराळे असत. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' असे आणि दिवाळीत तिची पूजा होई. पेठांतून मालाच्या हिशेबात धर्मादायाची कसर कापून घेण्याची चालही होतीच. वहीतला व्याजाचा आकडा आणि वहीवरचे कुंकू यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे त्या व्यवहारात कोणासच वाटत नव्हते. धर्म दानाच्या पानावर होता. नावे-जमेच्या पानांवर तो उतरलाच नाही. १९३९ साली सिमिंग्टन यांचा आदिवासींच्या हलाखीवरील अहवाल आला, परंतु तो मुंबई इलाख्यातील अंशतः वगळलेल्या क्षेत्रांपुरता होता. कुलाबा जिल्हा त्या क्षेत्रांत मोडत नव्हता, आणि म्हणून येथील कातकऱ्यांची दैना त्या प्रसिद्ध अहवालात आली नाही.

या गाठीवर पहिला प्रभावी घाव घातला तो माथेरानच्या एका वकिलाने. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, न्हावी समाजातील एका गरीब कुटुंबातला. त्यांनी खेड्यापाड्यांत शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी उभारली. टंचाईच्या दिवसांत कोठीतून भात न्यावे व सुगीला परत भरावे, अशी ती योजना. तीत भीक नव्हती, पुण्याची अपेक्षा नव्हती, देवस्थानाचा आश्रय नव्हता; दिढी मात्र वाचत होती. पुढे १९४२ च्या आंदोलनात कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्या हौतात्म्यापुढे कोठीची आठवण मागे पडली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोल आहे ते कोठीचे. १९८० नंतरच्या काळात कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने कर्जतच्या आदिवासी पाड्यांत धान्यबँका चालविल्या, तेव्हा तीच कल्पना पुन्हा रुजली.

मग धर्म या दुबळ्या वर्गाच्या काहीच कामी आला नाही काय? दारूबंदीचा इतिहास येथे सावधगिरीने वाचला पाहिजे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून मक्तेदारांची दारू चालू केली, आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध घातले. सरकारला महसूल हवा होता. संयमाचा उपदेश हे वरचे आवरण होते. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांतून सलाबाई देवीची एक लाट उठली. तिचा मुख्य प्रवाह उत्तरेकडे, दक्षिण गुजरातच्या आदिवासी मुलखात गेला. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी सांगे : दारू-ताडी सोडा, मांसाहार सोडा, रोज स्नान करा, दारूवाल्याच्या कामावर जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या ग्रंथात या चळवळीचा बारकाईने अभ्यास केला आहे. पुष्कळ गावे कालांतराने पुन्हा दारूकडे वळली; काहींनी नियम टिकविला; पण ज्या दारूवाल्याच्या हाती जमीन, कर्ज आणि मजुरी सर्व होते, त्याला आदिवासींनी एकजुटीने नकार देण्याचा तो प्रसंग होता. तेच शब्द मक्तेदाराच्या किंवा अधिकाऱ्याच्या तोंडी आले असते तर कोणी ऐकले नसते. देवी बाहेरून लादलेली नव्हती. तिचा हुकूम आपलाच होता. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ पासून चालविलेल्या दासबोधाच्या बैठकींचा रायगड-ठाण्यातील आगरी, कुणबी व कामगार वस्त्यांत जो प्रसार झाला, आणि व्यसनमुक्तीला त्यांत जे स्थान मिळाले, त्याचा विचारही याच अंगाने करावा लागेल. दर आठवड्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांसह बसण्याचे बंधन हे निरूपणाइतकेच परिणामकारक असते.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराने तर प्रश्नाचा क्रमच उलटा केला. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत चोरी न करणे, खोटे न बोलणे, व्यभिचार न करणे, दारू न पिणे या प्रतिज्ञा आहेत. परंतु समतेचा आग्रह त्यांच्याही मुळाशी आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये हिंदू म्हणून मरणार नाही असे येवल्यास जाहीर केले, त्यानंतर एकवीस वर्षे धर्मांची पारख चालविली, आणि ही पारख नीतीच्या मापाने केली. ज्या मापाने धर्म निवडला ते माप धर्माच्या आधीच हाती असले पाहिजे, हे उघड आहे. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिसाने विचारलेला प्रश्न, देवांना आवडते म्हणून ते चांगले की चांगले म्हणून देवांना आवडते, कोकणातल्या महार वस्त्यांनी ग्रंथ न वाचता प्रत्यक्ष कृतीने सोडविला. मेलेली गुरे ओढणे आणि गावकीची हलकी कामे करणे यांस मिळालेला नकार १९५८ च्या वतन-निर्मूलनाच्या कायद्याने अधिक पक्का झाला. पण नकार देण्याचे धैर्य कायद्याची वाट पाहत थांबले नव्हते. येथे धर्माने नीति निर्माण केली असे म्हणता येत नाही. आधीच झालेल्या नैतिक निर्णयाला त्याने सण, विहार, विवाहविधि आणि पुढची पिढी दिली. एकट्या विवेकाला हे देता येत नाही, आणि आगरकरांच्या मांडणीतील उणीव नेमकी या ठिकाणी दिसते.

कायद्याचेही तेच. १९७६ साली वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला, आदिवासींच्या जमिनी परत देणारा कायदा त्याच्या आधी झाला होता. तरी कातकऱ्यांची उचल संपली नाही. पावसाळ्यात अडचणीला पैसे घ्यायचे, आणि दिवाळीनंतर कुटुंब, मुले, भांडीकुंडी घेऊन वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर जायचे, हिशेब मे महिन्याच्या अखेरीस व्हायचा, आणि पुष्कळदा त्या हिशेबात पुढच्या वर्षाचे देणे निघायचे, ही पद्धति कायद्यानंतरही दीर्घकाळ चालत राहिली. भट्टी पेटविताना नारळ फुटतो. तो मालकही फोडतो आणि मजूरही हात जोडतो. मजुरीचा दर त्याआधीच, आषाढ-श्रावणात, पाड्यावर ठरलेला असतो.